सुरीवरून भांडतो, टेम्पोचं काय?

हलाल की झटका यावर आपल्याकडे कुणीही, कितीही वेळ भांडू शकतं. 2025च्या मार्चमध्ये झटका मटणासाठी ‘मल्हार’ सर्टिफिकेट निघालं, तेव्हा ज्यांनी जन्मात कधी मटणाची पिशवी घरी आणली नाही तेही तज्ज्ञ झाले होते. सगळी चर्चा जनावराच्या शेवटच्या मिनिटाची. त्याच्या आधीच्या दोन दिवसांवर कुणी चकार शब्द काढला नाही.

मी मटण खातो, आवडीने खातो. कुणाला माळ घालायला लावण्यासाठी हे लिहीत नाहीये.

पण बोकड येतो कसा ते बघा. मुंबईच्या देवनार कत्तलखान्यात राजस्थान, मध्य प्रदेशातून माल येतो. ट्रकमध्ये फळ्या टाकून दोन मजले केलेले, वरच्यांचं मूत खालच्यांच्या अंगावर. गर्दीत एकदा खाली बसलेला परत उठत नाही, बाकीचे त्याच्यावर उभे राहतात. उतरवताना कान, शिंग, मागचा पाय, जे हाताला लागेल ते धरून ओढायचं. म्हशीला ट्रकमधून उतरायला धक्का, म्हणजे उतरता ओटा, लावला नाही तर ती उतरत नाही. मग शेपूट पिरगाळा, पराणी टोचा.

यातलं काहीही कुठल्याच धर्माने सांगितलेलं नाही. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातलं कलम 28 धर्माप्रमाणे कापण्याला सूट देतं. फक्त कापण्याला! कोंबून आणणं, उपाशी ठेवणं, मारणं त्या सुटीत बसत नाही. 2001चे कत्तलखान्यांचे नियम तर चांगलेच तपशीलवार आहेत. जनावरांच्या डॉक्टरने तपासल्यावर जनावराला 24 तास विश्रांती द्यायची. एका डॉक्टरने तासाला 12 आणि दिवसाला 96पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. आता आखाडातला रविवार आठवा आणि 96 हा आकडा परत वाचा. गावाकडच्या दुकानात तर एक टांगलेला असतो आणि दुसरा त्याच्याच खाली पाला खात बांधलेला असतो.

आणि जनावराला क्रूरपणे वागवल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड किती? किमान 10 रुपये, जास्तीत जास्त 50. 10 रुपयांत चहा-वडापावसुद्धा धड येत नाही.

‘मरायचंच आहे त्याला, काय फरक पडतो?’ हे मला नेहमी ऐकवलं जातं. पडतो. जनावर घाबरलं, दमलं की स्नायूंमधली साखर कापण्याआधीच संपते. मग मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही, ते काळपट पडतं आणि लवकर खराब होतं. जिथे मार लागला असेल तिथलं मांस रक्त साकळलेलं निघतं, ते काढून टाकावं लागतं. म्हणजे दया बाजूला ठेवली, तरी नुकसान धंद्याचंच आहे.

अमेरिकेत टेंपल ग्रँडिन या पशुशास्त्रज्ञ बाईंनी कत्तलखान्यात गुरांच्या वाटेत स्वतः वाकून, गुराच्या नजरेच्या उंचीवरून बघितलं. गुरं अडतात ती लोंबणाऱ्या साखळीला, ओल्या जमिनीवरच्या चकाकीला, कुंपणावर टाकलेल्या कोटाला बिचकून. साखळी काढली, दिवा हलवला की तीच गुरं मुकाट चालतात. मग त्यांनी मोजायला लावलं: शंभरातली किती घसरून पडली, किती हंबरली, कितींना विजेची काठी लावावी लागली. 1999मध्ये मॅकडॉनल्ड्सने याच मोजणीवर आपल्या पुरवठादारांना तपासायला सुरुवात केली आणि कत्तलखाने पटापट सुधारले. सुधारणा कसल्या, तर खरबरीत फरशी, एखादा आडोसा, कामगारांना शिकवणं. आपल्या नगरपालिकेला हे परवडणार नाही असं मला कुणी सांगू नये. कामगाराला शिव्या घालून मात्र काही होणार नाही. नगावर मजुरी दिली की तो घाई करणारच.

शाकाहारी मित्रांनो, गालात हसू नका. भाकड म्हैस आणि तिचं रेडकू त्या ट्रकमध्ये तुमच्या चहातल्या दुधामुळेच चढतात.

आपल्या गावच्या कत्तलखान्यात पाण्याचा हौद आहे का, उतरवायला धक्का आहे का, जनावरांचा डॉक्टर रोज किती जनावरं तपासतो, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. मी अर्ज टाकलाय. उत्तर आलं की इथेच टाकतो, तुमच्याकडे कुणी टाकला तर मला टॅग करा.