"त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा आहेत ना!"

सांगलीच्या आमच्या शाळेच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप एरवी गुड मॉर्निंग आणि वाढदिवसांवर चालतो. मध्यंतरी तो पेटला. आमच्यातल्या एकाच्या मुलीच्या वर्गात एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा आहे. तो मध्येच उठतो, कानांवर हात दाबून ओरडतो. त्याला दुसरीकडे हलवा, असं सह्यांचं निवेदन पालकांनी मुख्याध्यापकांना दिलं. निवेदनाचा फोटो ग्रुपवर आला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. "आमच्या मुलांनी काय पाप केलंय?" "त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा आहेत ना!" कुणीतरी २०२४ मधलं त्या प्रशिक्षणार्थी आयएएस बाईंचं, अपंगत्वाच्या खोट्या सर्टिफिकेटच्या आरोपाचं प्रकरण उकरून काढलं आणि गाडी "हल्ली सर्टिफिकेटं विकत मिळतात" वर घसरली. दहावीला अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना पेपरात तासामागे २० मिनिटं जास्त मिळतात, ती जणू यांच्याच ताटातून काढलेली पोळी.

माझा मुलगाही असाच ओरडायचा, असं मी इथून, अमेरिकेतून लिहिलं. थोडा वेळ सगळे गप्प. मग उत्तर आलं : "तुझं वेगळं आहे गं. तिकडे पैसा आहे. इकडे एका वर्गात साठ पोरं."

हे "तुझं वेगळं आहे" मला फार लागलं.

पैसा आहे, नाही कशाला म्हणू? न्यू जर्सीतल्या प्रॉपर्टी टॅक्सचे आकडे पाहिले की कळतंच शाळा कशावर चालतात. पण १९७० मध्ये याच अमेरिकेत अपंग मुलांपैकी पाचातल्या एकालाच सरकारी शाळेत जागा मिळत होती. बाकीची घरी, नाहीतर संस्थांमध्ये. आईबाप कोर्टात गेले, पेन्सिल्व्हेनियात जिंकले आणि १९७५ मध्ये देशभराचा कायदा झाला. त्यात अशा प्रत्येक मुलामागे, दर विद्यार्थ्यावरच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा तिथल्या केंद्र सरकारने उचलायचा होता, बहुतेक वर्षं त्याच्या निम्माही उचललेला नाही. तरी शाळेला "पैसे नाहीत" म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. इथले मास्तर आपल्या मास्तरांहून मायाळू आहेत म्हणून हे होत नाही. त्यांना वकिलाची भीती वाटते.

आयईपीच्या, म्हणजे मुलाच्या शिक्षणाच्या लेखी आराखड्याच्या मीटिंगला मी दरवर्षी बसते. टेबलाच्या त्या बाजूला केस मॅनेजर, वर्गशिक्षिका, स्पीच थेरपीवाली, ऑक्युपेशनल थेरपीवाली. या बाजूला आम्ही दोघं आणि टिश्यूंचा डबा. कागदावर लिहिलेलं असतं : "एका सूचनेनंतर, पाचपैकी चार वेळा, स्वतःचं दप्तर स्वतः भरेल." भरलं की नाही, याची नोंद पॅरा, म्हणजे वर्गातली मदतनीस ठेवते. आल्याआल्या सही करायची ती फक्त हजेरीची. आराखडा पटला नाही तर पंधरा दिवसांत आक्षेप घेता येतो. एका वर्षी स्पीचचे तास कमी केले, तेव्हा मी घेतला. माझं इंग्रजी अजून "व्ही" आणि "डब्ल्यू"त अडखळतं, पण पुढच्या बैठकीत तास परत आले. सांगलीत मी मुख्याध्यापकांसमोर असं बोलले असते का? आईनेच आधी मला गप्प केलं असतं.

आणि आपल्याकडे कायदा नाही असं कुठे आहे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं १६ वं कलम म्हणतं, भेदभाव न करता प्रवेश द्या. दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक प्राथमिकला आणि पंधरामागे एक त्यावरच्या वर्गांना, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्येच ठरवलं. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली, म्हणजे शाळांच्या एका केंद्रामागे एक. एका केंद्रात शाळा किती असतात ते जिल्हा परिषदेच्या कुठल्याही गुरुजींना विचारा. साठ पोरांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंवर माझा राग नाहीच. राग आहे तो निवेदनावर सह्या करणाऱ्यांवर. सह्या गोळा करायची एवढी हौस होती, तर "आमच्या शाळेत विशेष शिक्षक कधी येणार?" असं गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारायचं होतं. कागद तोच, सह्या त्याच.

त्या भांडणात एक मैत्रीण अवाक्षर बोलली नव्हती. रात्री तिचा वेगळा मेसेज आला. तिच्या मुलीला आकडे लागत नाहीत, शाळेकडे काय आणि कसं मागायचं? मी कलमांसकट पत्र लिहून दिलं. ती म्हणाली, "कलमं नको गं घालूस. सरांना वाईट वाटेल. एवढ्या उशिरा त्यांनीच तर घेतलं तिला." कलमं काढून तिने पत्र दिलं. सर स्वतः केंद्रप्रमुखांकडे गेले आणि आता विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा येऊन मुलीला पाढ्यांऐवजी मण्यांवर शिकवतात. मला बरं वाटलं. चिडचिडही झाली, कारण उद्या सरांची बदली झाली की हे सगळं त्यांच्याबरोबर जाणार. पण माझ्या मुलासाठी इथे कुणी आपणहून असं उठून कुठे गेलेलं नाही, हेही खरं. त्याच्या आराखड्यात तसं लिहिलेलं नसतं.

"परत कधी येणार?" असं सगळे विचारतात. मी नोकरीचं कारण सांगते. खरं कारण ती आयईपीची फाइल आहे. आणि ती फाइल कायमची नाही. माझा मुलगा पुण्यात जन्मला, कडेवर घेऊन आणला. एकविसाव्या वर्षाबरोबर इथली शाळा संपते. त्याच वयाला त्याचा एच-फोरही, म्हणजे आमच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला त्याचा व्हिसाही संपतो. ग्रीन कार्डाची आमची रांग त्याआधी सरकेल, असं फी घेणारा वकीलसुद्धा म्हणत नाही. म्हणजे ज्या गावच्या निवेदनावर मी इथे बसून तावातावाने लिहिते आहे, तिथेच त्याला घेऊन यायची वेळ येईल, तेही शाळेचं वय उलटल्यावर.

तेव्हा सांगलीत मोठ्या मुलांसाठी काय चालतं, कार्यशाळा, उद्योग केंद्र, काहीही, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. त्या ग्रुपवर टाकू नका मात्र.