सहाव्या नंबरचा नमुना

सकाळी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक रील आलं. 'वर्गातले दहा नमुने'. पहिल्या बाकावरची स्कॉलर, 'माझी प्रेझेंटी लाव रे' म्हणणारा, कधीच स्वतःचं पेन न आणणारा, परीक्षेच्या आदल्या रात्री सिलॅबस विचारणारा. इथवर मीही पोट धरून हसलो. मग सहावा आला, झोपाळू. आणि खाली सगळ्यांनी एकाच माणसाला टॅग केलं. डोकंच फिरलं माझं.

तो साताऱ्याजवळच्या परळी खोऱ्यातला. कॉलेजात असताना रात्रभर एमआयडीसीत पाळी, सकाळी सातला सुटला की सायकलवरून थेट वर्गात. पहिलं लेक्चर अकाउंट्सचं, दहा मिनिटांत मान खाली. यामागचं कारण आम्हा चौघांना ठाऊक होतं. तरी गॅदरिंगला त्याच्यावर फिशपाँड पडला, स्टेजवर बोलावून हातात उशी दिली. अख्खा हॉल टाळ्या पिटत होता. मीसुद्धा.

रात्रभर मोबाईल बघून वर्गात घोरणारे असतात, मान्य. त्यांना हसा की खुशाल.

पण हे साताऱ्यात? कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी १९४७ साली इथे छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, ते 'कमवा आणि शिका' म्हणत. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. त्या गावात राबून शिकणाऱ्या पोराला आपण उशी देतो? लाज वाटते मला. आणि एवढी वर्षं होऊन तुम्हाला अजून तेच आठवतं? त्याने बी.कॉम. सेकंड क्लासमध्ये काढलं, ते नाही आठवत कुणाला?

ती उशी त्याने टाकली नाही. पुढच्या आठवड्यात नोट्स द्यायला रूमवर गेलो, तर चटईवर व्यवस्थित मांडलेली. "बरी आहे रे," म्हणाला. तोवर तो शर्टाची घडी डोक्याखाली घेऊन झोपायचा. मला काही बोलताच आलं नाही, नोट्स ठेवून निघालो.

दुपारी त्याने ग्रुपवर नुसता हसरा चेहरा टाकलाय. तो असाच आहे, कुणाला दुखवणार नाही.

ज्याने रील टाकलंय त्याने आजच काढावं. ज्यांनी टॅग केलंय त्यांनी त्याला एक फोन करावा. आणि संध्याकाळीच करा, दहाला त्याची पाळी सुरू होते.