एका नमुन्यावर झरा शुद्ध ठरत नाही
शहरातली हिरवळ आणि खेड्यातले झरे, या दोन्हींवरची संशोधनं तुम्ही एकाच लेखात घेतली हे आवडलं. पण एका नमुन्यावरून झऱ्याचं पाणी ‘नितळ, म्हणून पिण्याजोगं’ ठरवणारं त्यातलं वाक्य खटकलं. खतातून नि घाणीतून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेट या क्षाराला रंग, वास, चव काहीच नसते. जागतिक आरोग्य संघटनेची त्याची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. त्यापुढे धोका मुख्यतः बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना. आणि पाणी उकळलं तर जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. उलट वाफ निघून गेल्यावर त्याचं प्रमाण थोडं वाढतंच!

दुसरं म्हणजे नमुना घेतला कधी? उन्हाळ्यात स्वच्छ निघालेला झरा पहिल्या जोरदार पावसानंतर वरच्या शेतातलं खत नि गोठ्यातली घाण घेऊन येऊ शकतो. चुनखडीच्या भेगांमधून येणारं पाणी तर फारसं गाळलंच जात नाही. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू एकही नसावा, ही पिण्याच्या पाण्याची अट तेव्हा टिकते का, ते बघायला हवं होतं.

बागांबद्दल एवढंच, की नुसते एकर मोजू नका. लॉन आणि सावली देणारं झाड यात दुपारी बाराला काय फरक पडतो, हे तिथे उभं राहिलं की कळतं. शहरी झाडांचे अभ्यासक सेसिल कोनायनेंडाइक यांचा ३-३०-३०० नियम मला म्हणूनच पटतो: घरातून दिसणारी तीन झाडं, वस्तीवर ३० टक्के वृक्षछाया, ३०० मीटरच्या आत बाग. लेखात यातलं फक्त शेवटचं मोजलंय.