‘सेगमेंट २५६ करा, डिस्क पळेल’: हा सल्ला सरसकट लागू करू नका

झेन या हायपरवायझरवर व्हीएम (आभासी मशीन) चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: गेस्टच्या, म्हणजे व्हीएमच्या, ब्लॉकफ्रंट या डिस्क ड्रायव्हरमध्ये इनडायरेक्ट सेगमेंटची (एका रिक्वेस्टमध्ये मावणाऱ्या मेमरीच्या पानांची) मर्यादा ३२ वरून २५६ करा. डिस्क पळते, मेमरी नगण्य लागते आणि पर्सिस्टंट ग्रांटमुळे (गेस्टने यजमान बाजूला दिलेली पानं कायम मॅप ठेवण्याची सोय) मॅपिंगचा खर्चही उरत नाही, असं सांगितलं जातं.

आधी मेमरी बघू. एका पानाच्या रिंगमध्ये (गेस्ट आणि यजमान यांच्यातली रिक्वेस्टची सामायिक रांग) ३२ रिक्वेस्ट मावतात आणि पान ४ केबीचं. सुरुवातीच्या ११ सेगमेंटच्या मर्यादेत ३२ × ११ × ४, म्हणजे १,४०८ केबी लागायचे. ३२ सेगमेंटना ४ एमबी लागतात, २५६ ना ३२ एमबी. हे एका रिंगचं झालं. चार क्यू असतील, प्रत्येकीची वेगळी रिंग, तर एका डिस्कमागे १२८ एमबी! पर्सिस्टंट ग्रांट चालू असताना ब्लॉकफ्रंट ही पानं डिस्क जोडतानाच घेऊन बसतो, मग डिस्क दिवसभर रिकामी का असेना. १ जीबीच्या गेस्टला अशा दोन डिस्क जोडल्या की पाव जीबी गेली. हे नगण्य कसं?

वेगाचा दावा मोठ्या, सलग वाचन-लेखनापुरता खरा आहे. १ एमबीची रिक्वेस्ट तुकडे न होता जाते. पण डेटाबेस ८-१६ केबीची पानं इकडून तिकडून उचलत असेल, तर त्याला दोन-चार सेगमेंट पुरतात.

आता पर्सिस्टंट ग्रांट. २०१३ च्या लिनक्स ३.८ मध्ये ते आले, कारण प्रत्येक अनमॅपला टीएलबी (प्रोसेसरमधली पत्त्यांच्या भाषांतरांची कॅश) फ्लश करावा लागे आणि गेस्ट वाढले की तो खर्च फार जाचक होई. तो वाचतो हे मान्य. पण बदल्यात गेस्टला प्रत्येक रिक्वेस्टचा डेटा ठरावीक पानांत कॉपी करावा लागतो. त्यात ब्लॉकबॅक, म्हणजे यजमान बाजूचा बॅकएंड ड्रायव्हर, डीफॉल्टने १,०५६ ग्रांटच कायम ठेवतो. हा आकडा उगाच आलेला नाही: ३२ रिक्वेस्ट, प्रत्येकी ३२ सेगमेंट आणि त्यांची यादी ठेवणारं एक इनडायरेक्ट पान. तुम्ही गेस्टमध्ये २५६ केले आणि बॅकएंड तसाच ठेवला, तर रिंग भरल्यावर १,०५६ च्या वरची पानं पुन्हा मॅप-अनमॅपच होतात. कॉपीही करा आणि फ्लशही सोसा.

म्हणून आधी आयोस्टॅट या डिस्कची आकडेवारी दाखवणाऱ्या साधनात रिक्वेस्टचा सरासरी आकार बघा. तो १२८ केबीच्या (३२ सेगमेंट × ४ केबी) आसपास अडकलेला दिसला, तरच मर्यादा वाढवा आणि बॅकएंडची ग्रांटमर्यादाही त्या हिशेबाने तपासा. सेगमेंटचं सेटिंग अख्ख्या मॉड्यूलचं असतं, त्यामुळे बॅकअपच्या डिस्कसाठी केलेला बदल त्या गेस्टच्या प्रत्येक डिस्कला लागतो.