हक्कांचे सल्लागार व्हायचंय? आधी मासळीचा हंगाम बघा

मानवी हक्कांचं शिक्षण देणाऱ्या संस्थेचे सल्लागार व्हायचं ठरवलंत, उत्तम केलंत. बाकीच्या धंद्यांत निदान माल तरी दाखवावा लागतो. त्यात कार्यक्षेत्र म्हणून कोकण निवडलंत, म्हणजे तुम्हाला दृष्टी आहे. पथ्य एकच: १ जून ते ३१ जुलै या काळात इकडे फिरकू नका. मासेमारी बंद असते, ताजी सुरमई मिळत नाही आणि माणसं लावणीच्या चिखलात असतात. त्या दोन महिन्यांतलं मूल्यमापन ऑनलाइन उरकावं. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी सोडून कोणी कोणाला भेटत नाही. राहता राहिले डिसेंबर-जानेवारी. हवा सुखाची, अलिबागकडे मडक्यात शेंगा भाजायची पोपटी लागलेली आणि १० डिसेंबरला मानवी हक्क दिन, म्हणजे बॅनर छापायलाही निमित्त मिळतं.

संस्थेची कार्यकर्ती इथे एक शंका काढेल. "सर, दिवाळीनंतर कातकरी वाड्या रिकाम्या होतात. माणसं वीटभट्टीवर जातात. भाद्रपदात घेऊया का शिबिर?" मान डोलवा. तिचं म्हणणं वहीत लिहून घ्या, तिच्या देखत. मग शिबिर जानेवारीत घ्या. गर्दीची काळजी नको. दोन निवृत्त गुरुजी, अंगणवाडी सेविका आणि बचतगटाच्या अध्यक्षा येतातच. त्यांची इतकी शिबिरं झालेली असतात की कुठे हसायचं हेही त्यांना ठाऊक असतं. कातकरी का आले नाहीत, यासाठी अहवालात 'आव्हाने' नावाचं प्रकरण असतं. तिथे 'स्थलांतर' असं लिहायचं. वहीतलं वाक्य तिथे कामाला येतं.

आता बेसलाईन. म्हणजे शिकवण्याआधी लोकांना किती कमी कळतं याची पाहणी. ती जितकी शून्याच्या जवळ जाईल तितकं बरं, कारण शेवटी आलेखातला खांब वर चढलेला दाखवायचा असतो. त्यासाठी प्रश्न बेतून विचारावे लागतात. 'मजुरी बुडवली तर तुम्ही काय करता?' असं चुकूनही विचारू नका. बाई अर्धा तास बोलेल आणि सगळं बरोबर बोलेल. त्याऐवजी 'मानवी हक्क अविभाज्य व परस्परावलंबी आहेत, या विधानाशी आपण कितपत सहमत आहात?' असं विचारा. ती शेजारणीकडे बघेल. तिथे तुमचा शून्य.

अहवालाचं पहिलं वाक्य मी आत्ताच देऊन ठेवतो, फुकट: 'या भागात हक्कांविषयी जाणीव अत्यल्प आहे.' हे वाक्य महाडच्या हॉटेलात बसून टाइप करायला हरकत नाही. खिडकीतून चवदार तळ्याची बाजू दिसत असेल तर पडदा ओढून घ्या. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांबरोबर हजारो माणसं त्या तळ्यावर पाणी प्यायला गेली. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच परिषदेत जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मांडला गेला आणि मनुस्मृतीचं दहन झालं. संयुक्त राष्ट्रांना आपला जाहीरनामा काढायला त्यानंतर १९४८ साल उजाडलं. अलिबागजवळच्या चरीत कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमीन पड ठेवली, पोटाला चिमटा काढून संप चालवला, आणि तोही लॉगफ्रेमशिवाय, म्हणजे देणगीदाराला लागणाऱ्या उद्दिष्टांच्या तक्त्याशिवाय. ही माहिती परिशिष्टातसुद्धा घालू नका. देणगीदार विचारील, मग आपण नक्की काय शिकवायला चाललोय?

काय शिकवायचं हेही ठरलेलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०११ मध्ये मानवी हक्क शिक्षणाचा जाहीरनामा मान्य केला, त्यात या शिक्षणाचे तीन भाग केलेत: हक्कांविषयीची माहिती देणं, शिकवताना शिकणाऱ्याचे आणि शिकवणाऱ्याचे हक्क पाळणं, आणि हक्क वापरायला बळ देणं. तुम्ही पहिल्यावर थांबा. पहिला भाग पस्तीस स्लाइडमध्ये बसतो. दुसऱ्याला पैसे पडतात आणि तिसऱ्यात पोलीस पाटील येतो.

शिबिराचं उद्घाटन गावकीच्या, म्हणजे गावाचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळीच्या, अध्यक्षांच्या हस्ते ठेवा. सभागृह गावकीच्या ताब्यात, सतरंज्या गावकीच्या, माइक गावकीचा. मग शाल-श्रीफळ दुसऱ्या कोणाला देणार? त्या गावात एखादं घर वाळीत टाकलेलं असेल तर ते कोणतं हे ओळखायला सोपं आहे. त्या घरचं कोणी सभागृहात नसतं. त्यांच्याशी बोललं तर दंड, त्यांच्या घरच्या मयताला खांदा दिला तर दंड, लग्नाला गेलं तरी दंड. अशा तक्रारी रायगड-रत्नागिरीत इतक्या झाल्या की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. तो २०१६ चा, लागू झाला जुलै २०१७ मध्ये. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्या पस्तीस स्लाइडमध्ये हा कायदा असेल तर अध्यक्षांचं भाषण होऊन ते जेवायला जाईपर्यंत ती स्लाइड दाखवू नका. अध्यक्ष बहुधा समतेवर बोलतात आणि, खरं सांगतो, तुमच्यापेक्षा बरं बोलतात. फोटो काढा. पहिल्या पानावर तोच जातो.

तरीही कोणीतरी उठतंच. साधारण जेवणाआधी. मागच्या रांगेतला एखादा हाडकुळा माणूस, भट्टीवरून मयतीसाठी म्हणून आलेला, विचारतो, "साहेब, मालकाची उचल फिटली नाही, तो बायको-पोरांना सोडत नाही. काय करायचं?" याचं उत्तर आहे. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ सालचा आहे. त्या कायद्याने असली उचल फेडण्याचं बंधनच संपतं, आणि अर्ज प्रांताकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. पण हे उत्तर द्यायला लागलात तर दुपारी त्याच्याबरोबर प्रांत कार्यालयात जावं लागेल. मग जनशताब्दी चुकते. म्हणून भिंतीवर सकाळीच एक चार्ट पेपर लावून ठेवायचा. वर लिहायचं 'पार्किंग लॉट'. "दादा, फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात," असं म्हणायचं, पिवळ्या चिठ्ठीवर 'उचल?' एवढं लिहायचं आणि चिठ्ठी तिथे चिकटवायची. माणूस खाली बसतो. संध्याकाळी चार्टाची गुंडाळी करून रबर लावा. पुढच्या शिबिरात त्याची मागची बाजू कोरी असते.

पैशांचं नीट समजून घ्या, इथे बरेच जण फसतात. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. पूर्वी पन्नास टक्क्यांपर्यंत प्रशासकीय खर्च चालायचा, आता वीसच टक्के. कार्यालयाचं भाडं, विजेचं बिल, गाडीचा खर्च, हिशेबाचा खर्च, अहवाल लिहिण्याचा खर्च, व्यावसायिक शुल्क हे सगळं त्या वीस टक्क्यांत कोंबायचं. मात्र मुख्यतः प्रशिक्षण किंवा संशोधन करणाऱ्या संस्थेत प्रशिक्षणाला नेमलेल्यांचं मानधन त्यात मोजत नाहीत. तेव्हा करारावर 'सल्लागार' हा शब्द येऊ देऊ नका. तुम्ही 'प्रशिक्षक'. व्हिजिटिंग कार्डावर काय छापायचं ते छापा.

(काही संस्थांना एक वेगळाच माणूस लाभलेला असतो. बँकेतून निवृत्त झालेला, सदरा-लेंगा घालणारा. दर शनिवारी एसटीने येतो, पावत्या लावतो, वार्षिक विवरण डिसेंबरअखेर भरून देतो आणि कार्यकर्तीला कीर्दखतावणी शिकवतो. चहाशिवाय काही घेत नाही. त्याचा आदर्श ठेवू नका, त्याने बाजारभाव पडतो.)

कार्यकर्ती मात्र त्या वीस टक्क्यांच्या जात्यात सापडते. तिला पगार नाही, 'मानधन' आहे. भविष्य निर्वाह निधी नाही, कारण ती कर्मचारी नाही. ती 'चळवळीतली' आहे. वाडीवर जायला ती वडाप, म्हणजे खच्चून भरलेली खासगी जीप, धरते, त्याची पावती मिळत नाही, म्हणून ते पैसे तिच्याच पदरचे. आता १९४८ च्या जाहीरनाम्यात २३ वं कलम आहे: समान कामाला समान वेतन, न्याय्य मोबदला, संघटना करण्याचा हक्क. २४ वं आहे विश्रांतीचं, कामाच्या तासांना मर्यादेचं आणि भरपगारी सुट्टीचं. ही दोन कलमं शिकवताना प्रोजेक्टरकडे बघा, तिच्याकडे नको. शक्य तर ती दोन कलमं तिलाच शिकवायला सांगा. त्याला 'नेतृत्व विकास' म्हणतात आणि त्याचं वेगळं बजेट असतं.

सगळं नीट पार पडलं तरी एखादा अपघात होतो. शिबिराला आलेल्या कोणा तरुणाच्या डोक्यात खरंच काहीतरी शिरतं. तो माहिती अधिकाराचा अर्ज टाकतो: पाखाडीचं (दगडी पायवाटेचं) बिल निघालं, पाखाडी कुठे आहे? दुसऱ्या दिवशी सरपंचाचा संस्थेला फोन, "हे तुमच्या शिबिरातून शिकून आलाय." आता तुमची खरी कसोटी. संस्थाचालक घाबरलेले असतात, पुढच्या वर्षी त्याच सरपंचाकडून सभागृहाचा दाखला हवा असतो. तुम्ही शांतपणे लॅपटॉप उघडा, जोखीम नोंदवहीत नवी ओळ घाला. जोखीम: प्रशिक्षणार्थीने प्रशिक्षण वापरले. शक्यता: कमी. परिणाम: गंभीर. उपाय: पुढील टप्प्यात संवाद कौशल्यांवर भर.

आणि वाळीत टाकलेल्या त्या घरची सून पोलिसांत तक्रार घेऊन निघाली, बरोबर कार्यकर्ती, आणि तिने तुम्हाला संस्थेच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून मागितल्या, तर "हे आपल्या टीओआरमध्ये नाही ना, ताई," (टीओआर म्हणजे करारातली कामांची यादी) असं हळुवारपणे सांगा. त्या दोघी तुमच्याशिवाय जातील. ठाणे अंमलदार त्यांना बसवून ठेवील, मग परत बोलावील. कधीतरी गुन्हा नोंदला जाईल. तसा तो झाला की कार्यकर्तीला फोन करून तपशील विचारा, नाव बदला, चौकट टाका आणि यशोगाथा म्हणून पान चौदावर घ्या. सुनेचा फोटो पाठमोरा हवा. संमतीपत्र घ्यायला कार्यकर्तीलाच पाठवा, वडापने.

बिल मात्र ३१ मार्चच्या आत द्या. एप्रिलमध्ये बजेटचं हेड बदलतं, मग फार मागे लागावं लागतं. आणि पोचायला उशीर झाला त्या दिवसाचाही आकार लावा. कारणाच्या रकान्यात 'मुंबई-गोवा महामार्गाचे काम' लिहा. त्याचा पुरावा आजवर कोणी मागितलेला नाही.