सटाणेवाले खान्देशी की नाशिकवाले?

परवा एका मित्राशी चहावर वाजलं. तो जळगाव जिल्ह्यातल्या रावेरचा. म्हणे तुम्ही सटाणेवाले कसले खान्देशी, तुम्ही तर नाशिकवाले. आता गंमत बघा, नाशिकला होस्टेलवर होतो तेव्हा मला सगळे 'ए खान्देश' अशीच हाक मारायचे, कारण घरून फोन आला की तोंडातून अहिराणीतलं 'बरा शे' निघायचं आणि अख्खी रूम हसायची. म्हणजे नाशिकमध्ये खान्देशी आणि जळगावात नाशिकवाला, आम्ही जायचं कुठं?

मुळात खान्देश नावाचा जिल्हा आज आहे कुठे? इंग्रजांनी १९०६ ला एकाचे पूर्व-पश्चिम दोन केले, पुढे महाराष्ट्र झाल्यावर त्यांचेच जळगाव आणि धुळे झाले, १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. आणि आमचं बागलाण (म्हणजे सटाण्याचा तालुका), मालेगाव, नांदगाव तर १८६९ मध्ये नाशिक जिल्हा काढला तेव्हा खान्देशातूनच उचलून तिकडे घातलेलं. कुठल्या तरी साहेबाने कागदावर रेघ मारली आणि त्यावरून मला आज चहाच्या टपरीवर ऐकून घ्यावं लागतं.

मित्राने लगेच इतिहास काढला, की बागलाण तर वेगळं राज्य होतं, मुल्हेरला राजा होता. खरंय, १६३८ ला औरंगजेबाने घेतलं तोपर्यंत होता, नाही म्हणत नाही. पण इतिहासच काढायचा तर खान्देशच्या फारुकी सुलतानांची राजधानी बुऱ्हाणपूर, अकबराने १६०१ ला असीरगड घेतला आणि पोरगा दानियालच्या नावावरून सुभ्याला दानदेश म्हणायला लावलं (ते काही टिकलं नाही, बरंच झालं), आणि तेच बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात. ज्या गावातून खान्देश चालायचा तेच गाव बाहेर, मग आम्हाला कोण हाकलणार? त्यात ह्याच्या रावेरहून जळगावपेक्षा बुऱ्हाणपूर जवळ, ह्याची बोली लेवा, सोयरिकी पार मलकापूर-नांदुऱ्यापर्यंत म्हणजे सरळ विदर्भात. आणि हा मला सर्टिफिकेट देणार!

'उत्तर महाराष्ट्र' हे नाव तर मला कधीच पटलं नाही. सरकारी नाशिक विभागात नगर पण येतं. नगरच्या माणसाला जाऊन विचारा तू उत्तर महाराष्ट्राचा का, वेड्यात काढेल तुम्हाला.

माझं सरळ म्हणणं आहे, लग्नाची यादी काढा आणि बघा. सध्या घरात बहिणीचं लग्न आहे म्हणून हे सुचलं. आमचा मामा धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला, ताहाराबादहून पिंपळनेरकडे निघालं की मध्ये जिल्हा बदलल्याचा बोर्ड लागतो, पण बोर्डाच्या अलीकडे पण 'कसा शे भो' आणि पलीकडे पण 'कसा शे भो', मक्याचं वावर पण तेच. दोनशे पत्रिका लिहिल्या त्यात साक्री, धुळे, शिरपूर, शहादा अशी नावं संपता संपेनात, नाशिक शहरात मोजून चार, त्यातले दोन बाबांच्या ऑफिसचे. आणि एक मोठा गठ्ठा सुरतचा, कारण अर्धी भावकी उधना-लिंबायतला जाऊन बसलीये. माझ्या हिशोबाने खान्देशची हद्द तिथपर्यंत जाते, गुजरात सरकारला काय वाटायचं ते वाटू दे.

असो, लिंबायतचे निम्मे पत्ते अजून मिळाले नाहीत आणि काका फोन उचलत नाहीयेत. ग्रुपवर कुणी तिकडचं असेल तर इनबॉक्स करा. रावेरवाल्याला पण पत्रिका पाठवलीये, जि. नाशिक जरा मोठ्याच अक्षरात छापून आलंय त्यावर, आता तो काय बोलणार ते मला माहितीये.