गहू गेला, पीळ राहिला

ग्लूटेन, म्हणजे गहू-बार्लीतलं चिवट प्रथिन, सोडल्यावर पहिले काही आठवडे माणूस फार बोलतो. पोट हलकं झालं, झोप गाढ लागते, डोकं कसं स्वच्छ वाटतं, असं भेटेल त्याला ऐकवतो. मग एका दुपारी पोट तट्ट फुगतं आणि घरातलं कुणीतरी अगदी निरागसपणे विचारतं, "गहू सोडलास ना? मग आता कशाने?" या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते एका वाक्यात मावत नाही. पोटात कळ येत असताना तर मुळीच नाही.

आम्हा ग्लूटेनत्यागी मंडळींची खोड अशी की लगेच दुधावर आळ घ्यायचा, मग अंड्यांवर, मग टोमॅटोवर. माझं म्हणणं, आधी स्वयंपाकघराची झडती घ्या. सीलिएकमध्ये, म्हणजे ग्लूटेनमुळे शरीर आपल्याच लहान आतड्याला इजा करतं त्या आजारात, त्रास रेंगाळण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे ग्लूटेन अजून पोटात जातंय. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, माल्ट बार्लीचा असतो, विकतचं सूप मैद्याने दाट केलेलं असू शकतं आणि ओट्स शेतातून किंवा गिरणीतून गव्हाचे दाणे सोबत घेऊन येतात. शिवाय टोस्टर. तो कागदावर उलटा करून दोन झटके द्या. जो चुरा पडेल तो पाहून मगच "मी अगदी काटेकोर पाळतो" हे वाक्य उच्चारा. गव्हाच्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम ग्लूटेन असतं आणि बहुतेक सीलिएक रुग्णांना दिवसाकाठी १० मिलिग्रॅमच्या आत राहिलेलं बरं. म्हणजे स्लाइसचा दोनशेवा भाग. एवढा तर लोण्याच्या डब्यात दुसऱ्याची सुरी बुडाली की येतो. टोस्टर वेगळा, चाळणी वेगळी, लाकडी चमचे वेगळे, लोण्याचा डबा वेगळा. घरातले तोंडं वाकडी करतात, करू द्यावीत.

झडतीत काहीच सापडलं नाही, तर मात्र दुधाकडे वळायला हरकत नाही. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला सूक्ष्म उंचवटे असतात. सीलिएकमध्ये ते झिजून सपाट होतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं लॅक्टेज नेमकं त्यांच्या टोकांवर राहतं. इमारत कोसळली की गच्चीवरचा भाडेकरू आधी बेघर व्हावा, तसं त्याचं होतं, आणि घर बांधून होईपर्यंत तो परत येत नाही. मोठ्या माणसात हे बांधकाम पूर्ण व्हायला दोन वर्षंही लागू शकतात. पण म्हणून सगळंच दुग्धजन्य वाळीत टाकू नये. मुरवलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज जवळपास नसतंच, दही पुष्कळांना सोसतं आणि लॅक्टेज कमी असलेल्या बऱ्याच जणांना जेवणाबरोबर कपभर दूधही चालून जातं. काही महिन्यांनी दूध पुन्हा घेऊन पाहावं. एकच अडचण असते. "मी दूध सोडलंय" असं गावभर सांगून झालेलं असतं, मग कप तोंडाला लावायची लाज वाटते.

आता खरा गंमतीचा भाग. गव्हात ग्लूटेनबरोबर फ्रुक्टॅन नावाची कर्बोदकंही असतात. ती आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जंतू मात्र त्यांच्यावर ताव मारतात आणि गॅस करतात. गहू सोडला की दोन्ही एकदम कमी होतात. २०१८ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी, सीलिएक नसूनही ग्लूटेन सोडलेल्या ५९ जणांना आळीपाळीने ग्लूटेनचे, फ्रुक्टॅनचे आणि दोन्ही नसलेले बार खायला दिले. कोणता कधी, हे सांगितलं नाही. जास्त त्रास झाला फ्रुक्टॅनने. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी.

हेच फ्रुक्टॅन कांद्यालसणात भरपूर असतात. आणि इन्युलिन किंवा चिकोरीचं मूळ अशा नावाने ते ग्लूटेनमुक्त ब्रेडमध्येही शिरतात. हा ब्रेड मुळात नीट फुगत नाही. ते काम नंतर आपलं पोट करतं.

लसणाशिवाय जेवण गोड लागत नसेल तर एक पळवाट आहे. फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतात, तेलात नाही. लसणाच्या मोठ्या फोडी तेलात मंद आचेवर परतायच्या, सगळ्या वेचून काढायच्या आणि मगच भाजी, पाणी वगैरे घालायचं. क्रम चुकला, लसूण असतानाच पाणी पडलं, की फ्रुक्टॅन उतरलेच. हे तेल त्याच दिवशी संपवावं. बाहेर ठेवलेल्या लसणाच्या तेलात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग घ्यावा.

संशयितांची परीक्षा घ्यायची तर एकेकाची. दोन ते सहा आठवडे फ्रुक्टॅन आणि त्याची भावंडं, म्हणजे लॅक्टोजसारखी नीट न पचता गॅस करणारी कर्बोदकं, कमी करायची, मग एकच पदार्थ तीन दिवस वाढत्या मापाने: पाव कप दूध, अर्धा, पूर्ण. मग दोन-तीन दिवस विश्रांती आणि पुढचा, सगळं वहीत टिपून. सोडणं सगळ्यांना जमतं, त्याचा अभिमानही वाटतो. परत खाऊन बघायची पाळी आली की वीर गळतात, आणि जन्मभर भात व उकडलेलं गाजर यांवर काढतात.

धीर नसलेले, कोणता पदार्थ बाधतो ते कळेल म्हणून, रक्तातली 'आयजीजी' नावाची प्रतिपिंडं मोजणारी चाचणी करून घेतात. अहवालात रोजचे आवडते पदार्थ लालेलाल असतात. असणारच, कारण ही प्रतिपिंडं तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच सांगतात. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या मोठ्या संघटना या कामासाठी ही चाचणी करू नका म्हणतात.

वजन घटतंय, शौचातून रक्त जातंय, रात्री जुलाबाने जाग येते, हिमोग्लोबिन चढत नाही, असं असेल तर वहीतले प्रयोग बंद आणि डॉक्टर सुरू. मोठ्या आतड्याची सूज, स्वादुपिंडाचा आळस, लहान आतड्यात जंतूंची गर्दी, पित्ताम्लांमुळे होणारे जुलाब, ही कारणं आहारात सापडत नाहीत. तपासणी न करताच ग्लूटेन सोडलेल्यांची गोष्ट आणखी अवघड. आता सीलिएकसाठी रक्त तपासलं तर ते खोटंच निर्मळ दिसू शकतं, म्हणून डॉक्टर काही आठवडे रोज ग्लूटेन खायला सांगतात. ज्याला हाकललं त्यालाच ताट वाढायचं.

जाताना वही घेऊन जा. वेळ, माप आणि पाकिटावरचे घटक लिहिलेले असतील तर डॉक्टर ती खरोखर वाचतात. तो लाल अहवाल मात्र घरीच राहू द्या.